बेस ड्रमचा जीर्णोद्धार

बेस ड्रम माळ्यावरून खाली घेताना पहिला बळी गेला तो बाहेरच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा आणि दुसरा शेजारच्या ओव्हरसियरांच्या चष्म्याचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं त्याचं खापर सगळे माझ्याच डोक्यावर फोडतात. ट्यूबलाइट फुटली तेव्हा मी फक्त खाली शिडी धरून उभा होतो. वर ओव्हरसियर होते. आयुष्य बांधकाम खात्यात गेल्यामुळे जड वस्तू कशी उतरवायची हे आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ड्रम त्यांच्या हातून सुटला तेव्हाही त्यांचं म्हणणं तेच होतं.

ड्रम आमच्या सासऱ्यांचा. पोस्टात नोकरी करता करता ते चार जणांच्या बँडमध्ये ड्रम वाजवत. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी सगळा सेट जुन्या चादरींत बांधून टाकला. ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याआधी तो येऊन आमच्या माळ्यावर बसला आणि त्याच्याविषयी कोणी बोलायचं नाही असा घरात अलिखित ठराव झाला. मग सासऱ्यांचा गुडघा बदलावा लागला. तेव्हापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नाही, हे मी त्यांना अनेकदा पटवून द्यायचा प्रयत्न केला होता.

अशात एका संध्याकाळी त्यांच्या बँडमधले सॅक्सोफोनवाले आले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तर आपल्या मुलाकडे परदेशी चालले होते, ते कायमचेच. "जायच्या आधी एकदा चौघं मिळून वाजवू," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात क्लबचा हॉल मिळतोय. ड्रमसेट भाड्याने आणता येईल."

"उसन्या ड्रमवर माझा पाय चालत नाही," सासरे म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

मास्तरांनी चहाचा कप उगाचच गोल फिरवला. आता हा माणूस जाणार आणि पुन्हा येणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, आणि सासऱ्यांची मान काही वळत नव्हती. मला ते बघवेना. मी म्हणालो, "जुना सेट मी दुरुस्त करतो."

सासरे माझ्या बायकोला म्हणाले, "अगं, त्यांना विचार, त्यांनी ड्रम कधी उघडलाय का."

"अहो, बाबा विचारतायत—"

"ऐकलं मी. त्यांना सांग, कुठलीही गोष्ट कधी ना कधी पहिल्यांदा उघडावीच लागते."

हे सगळं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसून. आमच्या लग्नापासून सासरे माझ्याशी असेच बोलत आलेत, मुलीच्या मार्फत. भांडण नाही, अबोला नाही. मीठ हवं असलं तरी 'त्यांना मीठ द्यायला सांग'. माणूस मानी, एवढंच. तरीपण इतक्या वर्षांत जावयाशी सरळ बोलावं असं त्यांना एकदाही वाटू नये, हे मला लागायचं, हे कबूल करतो. वास्तविक घरातली दुरुस्तीची कामं मीच करतो. आमची इस्त्री मी स्वतः दुरुस्त केलेली आहे आणि ती आजही उत्तम तापते. फक्त थंड होत नाही.

कामाला लागताना मी पद्धत आखून घेतली. मी नोकरी करतो ती दप्तरखान्यात, म्हणजे जिथे शहरातले सगळे जुने कागद ओळीने निजवलेले असतात तिथे. तिथला एक नियम माझ्या रक्तात भिनलाय: नंबर दिल्याशिवाय कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. त्यामुळे सेटमधला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक नट, ड्रमचं कडं आवळायचा प्रत्येक लोखंडी आकडा, ज्याला त्याला मी कागदाची चिठ्ठी चिकटवून आवक क्रमांक दिला. बेस ड्रमची अक्षरं लाल शाईत, स्नेअरची निळ्या. स्नेअर म्हणजे ज्याच्या पोटाखाली तारा असतात तो छोटा ड्रम, हे मलाही त्याच आठवड्यात कळलं होतं. सगळं सुटं करून मी ते दोन परातींत मांडलं आणि लांबून पाहिलं. खरं सांगायचं तर आमच्या साहेबांना आणून दाखवावं असं ते काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर दोन्ही पराती धुऊन पालथ्या घातलेल्या. सगळे नटबोल्ट एका बादलीत, साबणाच्या पाण्यात.

"किती गंजले होते," बायको म्हणाली. "तुम्ही रात्रीपर्यंत घासत बसला असता. म्हटलं, भिजवून ठेवावेत."

"चिठ्ठ्या?"

"कसल्या चिठ्ठ्या? कागदाचा लगदा होता वर, तो मी गाळून टाकला."

दप्तरखान्यातल्या माणसाला असं काही बायकोच्या तोंडून ऐकावं लागतं तेव्हा त्याच्यावर काय गुदरतं, ते दप्तरखान्यातल्या माणसालाच कळेल. मी बादलीत वाकून पाहिलं. पाण्याला लालनिळी झाक होती. त्यापुढचे सगळे रविवार मी प्रत्येक बोल्ट प्रत्येक भोकात घालून बघण्यात घालवले. ओव्हरसियर नवा चष्मा लावून शेजारी बसत आणि प्रत्येक बोल्टला म्हणत, "हा नाही बसायचा." शंभरातले नव्वद नाही बसायचे, त्यामुळे त्यांचा अंदाज नेहमी बरोबर निघे आणि ते खूश होऊन घरी जात.

मध्येच सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आवाजाची तक्रार केली होती. ड्रमला तेव्हा पान नव्हतं, म्हणजे ज्यावर काठी मारायची ते कातडंच नव्हतं, आणि ते नसलेल्या ड्रममधून आवाज काढणं कुणाच्याही बापाला शक्य नाही. हे मी सेक्रेटरींच्या मागे उभ्या असलेल्या काकूंना समजावलं. काकू म्हणाल्या, "आज नाही येत, उद्या येईल. मी आत्ताच सांगून ठेवते."

सेक्रेटरी मात्र नियमाने चालणारे. ते उभ्या उभ्याच विचार करून म्हणाले, "जे वाजत नाही ते फर्निचर. फर्निचर दुरुस्तीला दुपारची वेळ सोडून परवानगी आहे."

"आणि वाजायला लागल्यावर?"

"मग ते वाद्य. वाद्याला वेगळा अर्ज. कमिटीची मंजुरी. वरच्या, खालच्या आणि शेजारच्यांची संमती." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "तेव्हा ते नक्की कोणत्या क्षणी वाद्य होतं, ते मला आधी कळवा."

मीही सरकारी माणूस. मला त्यांचं म्हणणं पटलं. फर्निचर केव्हा वाद्य होतं यावर मी दोन-तीन दिवस मनापासून विचार केला, आणि शेवटी ड्रमनेच तो निर्णय घेतला.

त्याचं असं झालं. बेस ड्रमचं जुनं पान फाटलेलं होतं. वाद्यांच्या दुकानात गेलो, तर सगळी पानं प्लास्टिकची आणि सगळी नव्या मापाची. आमचा ड्रम त्या मापाहून किंचित मोठा. दुकानदाराने टेप लावून पुन्हा पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "पान बरोबर आहे. तुमचा ड्रम चुकीचा आहे." मी म्हणालो, "ड्रम तुमच्या दुकानापेक्षा जुना आहे." तो म्हणाला, "म्हणूनच." असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी जुन्या बाजारातून कमावलेलं कातडंच घेऊन आलो. तसंही सासऱ्यांनी बायकोमार्फत कळवलंच होतं की, प्लास्टिकवर वाजवायला ते काही बादली नाहीत वाजवत.

कातडं पाण्यात भिजवून मऊ करायचं, लाकडी रिंगणावर गुंडाळायचं, ड्रमवर चढवायचं आणि सावलीत आपोआप वाळू द्यायचं, अशी कृती. भिजवायला बाथरूमचा मोठा टब घेतला, म्हणून त्या दिवशी घरात सगळ्यांनी हातपाय धुण्यावर भागवलं. कातडं चढलंही झकास. प्रश्न वाळण्याचा होता. दिवसभरात ते तसूभरही वाळेना. सावलीत आपोआप म्हणजे किती वेळ, हे कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि ज्याला मुदत नाही ते काम होत नसतं, हा माझा ऑफिसातला अनुभव. मी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला. त्याने कातडं बघता बघता आवळायला लागलं. टिचकी मारली तर 'टण्ण' असा आवाज येऊ लागला. मला इतका आनंद झाला की मी खोलीतला हीटरही त्याच्याजवळ सरकवून ठेवला आणि जेवायला बसलो.

पहिला घास तोंडात होता तेव्हा धाडकन आवाज झाला. पान उभं चिरलं होतं आणि रिंगण वाकून बटाट्याच्या आकाराचं झालं होतं. वरून काकूंनी जमिनीवर काहीतरी ठोकलं. मग बेल वाजली. दारात सेक्रेटरी. त्यांनी आत डोकावून चिरलेला ड्रम पाहिला, घड्याळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "झालं वाद्य."

त्या आवाजापेक्षा मला जास्त लागलं ते पुढचं. सासरे वॉकर टेकत बाहेर आले. चिरलेल्या पानाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बायकोला म्हणाले, "त्यांना सांग, राहू दे आता. मी मास्तरांना फोन करून टाकतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिने निरोप पोचवला नाही. मला पोचला होता. आणि मला फार वाईट वाटलं. आपण एका म्हाताऱ्या माणसाला खिडकीपासून उठवलं आणि पुन्हा तिथेच नेऊन बसवलं, एवढंच माझ्या मनात येत होतं. पण आमच्या घराण्यात हार मानायची पद्धत नाही. तिला सांगितलं, "त्यांना म्हणावं फोन करू नका. मी उद्या दुसरं कातडं आणि रिंगण आणतो. मात्र या वेळी ते वाळेपर्यंत त्यांनीच त्याच्याजवळ बसावं. माझ्यावर सोडू नये."

हे मी रागाने बोललो होतो, पण सासऱ्यांना ते पटलं. रविवारी सकाळी खिडकीतली खुर्ची ड्रमशेजारी आली. मांडीवर ओला रुमाल. कडेकडेने कातडं जास्त सुकायला लागलं की ते रुमालाने हलकंच टिपायचे. ड्रमच्या दुसऱ्या बाजूला आवळायची चावी घेऊन मी. मध्ये उभी राहून बायको इकडचं बोलणं तिकडे नेत होती.

"त्यांना सांग, डावीकडचा अर्धा वळसा."

"अहो, डावीकडचा अर्धा—"

"माझी डावी की त्यांची डावी, विचार."

"बाबा, कुणाची डावी?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, मला स्वयंपाक आहे," आणि आत निघून गेली. आता झाली पंचाईत. आम्ही दोघं समोरासमोर आणि मध्ये निरोप न्यायला कोणी नाही. सासऱ्यांनी पानावर टिचकी मारली, कान लावला. मग दुसऱ्या ठिकाणी मारली आणि तिथेच बोट ठेवून राहिले. मी बोटाजवळचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, मान हलवली आणि बोट पुढे सरकवलं. अख्खी दुपार अशी गेली. बायको मध्येच येऊन दारातून बघून गेली आणि चहा न विचारताच ठेवून गेली. पान वाळलं तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं आणि ड्रमचा आवाज असा लागला होता की, वरच्या काकू जिन्यातून खाली येऊन म्हणाल्या, "हा तोच का? मला वाटलं, कोणी दार ठोठावतंय." ही तक्रार होती की तारीफ, ते मी विचारलं नाही. संमतीवर मात्र त्यांनी सही केली.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती, आणि झालंही असतं. पण बेस ड्रमला दोन लोखंडी पाय असतात. ड्रम आडवा ठेवला की ते पुढच्या बाजूला जमिनीत रुततात, म्हणजे ड्रम जागचा हलत नाही. ते गंजले होते. बाकी सगळा सेट आता पॉलिश करून लखलखत होता, त्यात हे दोन गंजके पाय माझ्या डोळ्यांना खुपायला लागले. ओव्हरसियरांच्या ओळखीचा एक मुलामा देणारा होता. त्याच्याकडे पाय दिले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने जे परत दिलं ते चकचकीत होतं, यात शंका नाही, पण त्या टॉवेल अडकवायच्या दोन दांड्या होत्या. आमचे पाय कुणाच्या तरी बाथरूममध्ये लागले असणार.

"सापडले की फोन करतो," कारागीर म्हणाला.

"उद्या कार्यक्रम आहे."

"मग उद्या नाही सापडायचे," तो म्हणाला. निदान माणूस खोटं बोलत नव्हता.

मी हे घरी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? सासऱ्यांनी पुन्हा 'मास्तरांना फोन करून टाकतो' म्हटलं असतं. बेस ड्रमखाली मी रबराचं पायपुसणं घातलं, पुढे एक लाकडी ठोकळा लावला आणि ओव्हरसियरांना विचारलं, "थांबेल ना?" ते म्हणाले, "पूल थांबतात, हा तर ड्रम आहे." त्यांचे किती पूल थांबलेत हे विचारायला हवं होतं.

हॉल भरला होता. बँडमधले चौघंही काळ्या कोटात. सासऱ्यांचा कोट जरा सैल झाला होता, पण केस त्यांनी पाणी लावून चप्प बसवले होते. वॉकर त्यांनी पडद्यामागे ठेवायला लावला आणि पियानोवाल्यांचा हात धरून ते स्टूलपर्यंत चालत गेले. बसल्यावर त्यांनी उजवा पाय बेस ड्रमच्या पायपट्टीवर, म्हणजे दाबली की ड्रमवर ठोका पडतो त्या पट्टीवर, ठेवला. गुडघा डावा बदलला होता, हे आमचं नशीब. मी पहिल्या रांगेत, बायको शेजारी. मास्तरांनी सॅक्सोफोन ओठाला लावला आणि सासऱ्यांनी पहिला ठोका टाकला.

तो ठोका माझ्या पोटात उतरला. घरी एवढा मोठा कधी वाजवलाच नव्हता. बायकोने माझा हात पकडला. खिडकीतला माणूस तो नव्हताच. खांदे सैल, मान किंचित वाकडी, चेहऱ्यावर जरा मिजास. ह्या रुबाबात ते सासूबाईंना दिसले असतील, तर त्यांनी हो म्हटलं यात नवल नाही, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला मला ठोकळा हलताना दिसला. प्रत्येक ठोक्याला ड्रम बोटभर पुढे सरकत होता. पाठोपाठ सासऱ्यांचा पाय त्याच्यामागे लांब होत होता. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. ड्रम आणखी पुढे गेला. त्यांनी पुन्हा ओढलं, आणि या वेळी बदललेला गुडघा दुखल्याचं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ठोकळा घसरत स्टेजच्या कडेला गेला आणि खाली पडला. मास्तर डोळे मिटून वाजवत होते. दोन कडव्यांत बेस ड्रम माझ्या मांडीवर येणार होता आणि मास्तरांची शेवटची संध्याकाळ तिथेच संपणार होती.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने इकडेतिकडे पाहिलं असतं. मी सरळ स्टेजवर चढलो, बेस ड्रमच्या पुढ्यात मांडी घातली आणि पाठ त्याला टेकवून, तोंड प्रेक्षकांकडे करून बसलो. हॉलमध्ये कोणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. माझे साहेब तिसऱ्या रांगेत होते, हे मला तेव्हा दिसलं. मी ताठ बसलो. सरकारी फोटोत बसतो तसा.

मागून ठोका आला. पाठीच्या बरोबर मधोमध. ड्रम हलला नाही.

पुढचा प्रत्येक ठोका मी पाठीवर घेतला. हळूहळू हसणं थांबलं आणि लोक ताल धरू लागले. मला मागचं काही दिसत नव्हतं, पण सासरे काय करतायत ते पाठीला कळत होतं. आधी सांभाळून, मग जरा जोरात, मग खात्री पटल्यावर मनसोक्त. शेवटच्या गाण्यात तर त्यांनी मला फुटायला लावायचं ठरवलंय की काय, असं वाटलं. मी हललो नाही. हलायचा प्रश्नच नव्हता.

टाळ्या थांबल्या तेव्हा मास्तरांनी माइक सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांना सगळ्यांची ओळख करून द्यायची होती. "सॅक्सोफोनवर आमचे मास्तर," ते म्हणाले. मास्तर रुमालाने डोळे पुसत वाकले. सासऱ्यांनी पियानोवाल्यांचं नाव घेतलं, ट्रम्पेटवाल्यांचं घेतलं. मग जरा थांबले. "आणि ड्रमवर आम्ही दोघं. वरती मी. पुढे बसलेत ते आमचे जावई."

मी उठायला लागलो. मांडीला मुंग्या आल्या होत्या आणि हात टेकून उठावं लागत होतं. तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून काठीचं टोक हलकंच टेकलं. बायको समोर खाली पहिल्या रांगेत होती, निरोप न्यायला मध्ये कोणीच नव्हतं.

"उठू नका," सासरे मला म्हणाले. "अजून एक वाजवायचंय. जमेल ना तुम्हाला?"

मी पुन्हा मांडी घातली आणि म्हणालो, "तुम्ही पायाचं बघा. पाठीचं मी बघतो."